पोलंडला दिलेली जबान

लढाई सुरू झाली तेव्हा आम्ही मानवतला होतो. माझे मालक निजामाच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे. तेव्हा त्याला जुगराफिया म्हणत आणि तो उर्दूतून शिकवावा लागे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही चारचौघांत मास्तरच म्हणायची. त्यांचे थोरले भाऊ जिनिंगच्या कारखान्यात लॉरी चालवत. फौजेला ड्रायव्हर पाहिजेत असं कळल्यावर ते लामावर, म्हणजे लढाईवर, गेले. जाऊबाई आमच्याजवळ राहिल्या.

आधी ते पुण्याकडं होते, मग मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेले असं कळलं. त्या दिवशी मास्तर शाळेतून आल्याबरोबर जाऊबाई ओसरीत येऊन बसल्या.

"भाऊजी, हे मिसर कुठं हाय?"

मास्तरांनी पाटी घेतली. एका टोकाला हिंदुस्थान काढला, मधे समुद्र, पलीकडं मिसर. हेच मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं, जर्मन देश कुठं हाय म्हणून. "तुला काय करायचंय? तव्यावर भाकर करपायलीय बघ," असं मला उत्तर मिळालं होतं.

मग तो रोजचाच शिरस्ता झाला. मी चुलीपुढं आणि ते दोघं ओसरीत. दीर-भावजयीनं बोलावं यात वावगं काही नव्हतं, सासरी ती रीतच होती. पण मास्तरांचा आवाज तिथं वेगळा व्हायचा. माझ्याशी बोलताना ते पीठ, सरपण, पाणी एवढ्यापुरते बोलत. तिच्यापुढं मात्र हात हलवून, थांबून, पुन्हा मागं जाऊन समजावत. मी नेऊन ठेवलेला चहा साय धरून निवायचा.

"जर्मन आन् पोलंडचं भांडण लागलं," जाऊबाई म्हणायच्या, "मंग इंग्रज कामून पडला मधी?"

"इंग्रजानं आन् फ्रान्सनं पोलंडला जबान दिली होती, वैनी. तुमच्यावर कुणी आलं तर आमी येऊ म्हणून."

"आन् जर्मनला हे ठावं नव्हतं?"

"ठावं होतं. पण ह्याच्या आधी त्यानं शेजारचे दोन मुलूख गिळले, तवा कुणी बोललं न्हाई. त्याला वाटलं, आताबी बोलणार न्हाईत. मागच्या लढाईत हरला होता, त्याचा राग पोटात होताच. रशियाची भीती होती, तर त्याच्याशी आधीच करार केला, पोलंड अर्धा तुला अर्धा मला."

जाऊबाई पाटीकडं बघत म्हणाल्या, "आन् आमच्या माणसानं कुणाला जबान दिली होती?"

मास्तरांनी दाराकडं पाहिलं आणि ते हळूच म्हणाले, "इंग्रज निघाला म्हणून हिंदुस्थान निघाला, आन् आपले निजाम हुजूरबी निघाले. आपल्याला कोण पुसतंय?"

हा सवाल माझ्या मनात आधी आला होता. चुलीजवळ बसून मी तो कितीदा घोळवला होता. पण तो ओसरीत बोलली ती, आणि मास्तरांनी उत्तर दिलं ते तिला.

विहिरीवर तर मला जास्तच झोंबायचं. जाऊबाई घागर घेऊन आल्या की बायका सरकून जागा करायच्या. "काय म्हणायलीय लढाई?" आणि ही पोलंडपासून सुरुवात करायची. शाळामास्तरची बायको मी, आणि रहाटाचा दोर ओढत मी तिच्या तोंडून माझ्या नवऱ्याचे शब्द ऐकायचे.

एक दिवस मात्र राहवलं नाही. परात बाजूला सारली, पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि ओसरीत जाऊन बसले.

"मलाबी सांगा."

मास्तर हसले. "तुला?"

"सांगा की भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या. तिनं शिफारस केली याचाच मला जास्त राग आला.

तेव्हा इटली नुकताच लढाईत उतरला होता. मास्तर चेष्टेनं म्हणाले, "बरं, सांग मंग. इटली इतके दिवस गप बसला, आन् आताच कामून उतरला?"

"फ्रान्स पडायलाय हे दिसलं म्हणून," मी म्हणाले. "घर जळायलं की काहीजण इझवाया येतात, काहीजण भांडी उचलाया."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्याच क्षणी ते वळले आणि म्हणाले, "ऐकलंत का वैनी?"

पुढं जर्मननं करार मोडून रशियावरच चाल केली. जपान चीनमध्ये घुसला होता, अमेरिकेनं त्याचं तेल बंद केलं, तर त्यानं अमेरिकेवर हल्ला केला. पाटी पुरेना म्हणून मास्तर सारवलेल्या भुईवर कोळशानं नकाशा काढू लागले. त्याच सुमारास मिसरकडून खुशाली यायची बंद झाली. जाऊबाई कमी बोलू लागल्या, पण ओसरीत बसायच्या मात्र चुकल्या नाहीत.

एकदा जात्यावर समोरासमोर बसलो असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर साळेतून दमून येतेत. रोज रोज त्यांना बसवून ठेवता, जरा इसावा न्हाई माणसाला."

जाऊबाईंनी खुंटा सोडला.

"तुझा मास्तर साळंला जातो आन् दिस असतानाच घरी येतो. उंबऱ्यात वहाणा काढतो, तो आवाज मी रोज ऐकते, बाई. मला कुठला राजा कुणावर गेला त्याचं काय? ते कुठं हायेत, तिथं बोट ठेवाया जागा पायजे होती मला. तुझ्यासारखं असतं तर मी पाटीकडं बघितलं नसतं."

ती माझ्यावर जळत असेल हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला तिची कीव आली, नाही असं नाही. पण जळफळाट गेला नाही. दुसऱ्या दिवशी ती ओसरीत बसली तेव्हा भाकरी थापताना माझा हात जरा जोरातच पडत होता.

लढाई संपल्यावर थोरले दीर परत आले. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. कधी घरात जोरात भांडं पडलं तरी भिंतीला टेकून उभे राहायचे. दोनचार दिवस गेल्यावर जाऊबाईंनी त्यांना ओसरीत बसवलं आणि सगळी लढाई सांगितली, मास्तर सांगायचे तशी, एकेक देश कसा ओढला गेला ते. ते डावा कान पुढं करून ऐकत होते. मी दाराआड उभी होते.

"एवढं समदं झालं व्हय?" ते म्हणाले.

"तुमाला ठावं न्हाई? तुमी तर तिथंच होतात."

"आमाला म्हणायचे, गाडी पुढच्या ठाण्याला न्या. आमी न्यायचो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ज्याला जबान दिली होती, त्या पोलंडचं काय झालं मंग?"

जाऊबाईंनी मास्तरांकडं पाहिलं.

"ते आता रशियाच्या हाताखाली गेलं, दादा."

दीर उठून बाहेर गेले. जाऊबाई त्यांच्या मागोमाग गेल्या, आणि ओसरीत मास्तर एकटेच राहिले.

पुढं थोरल्या दिरांना परभणीला मोटारीवर नोकरी लागली, ते दोघं तिकडं गेले. वर्षभरातच निजाम आणि हिंद सरकारचं बिनसलं. परभणीहून येणारं माणूस सांगायचं की तिथल्या आळीतल्या बायका आता जाऊबाईंना विचारायला येतात, आता काय होईल, कोण कुणाच्या बाजूनं उतरेल. त्या बसवून सांगतात म्हणे.

मानवतच्या विहिरीवर मला मात्र कुणी विचारलं नाही. मला तर ते सगळं सांगता आलं असतं.