तापीबाईचा कान

तापीबाई लग्न होऊन प्रकाशा गावच्या गुजर आळीत आली, तेव्हा सासूनं तिला चूल, चक्की, पाण्याची जागा सगळं दाखवलं आणि मग ताकाच्या डेऱ्यापाशी नेऊन उभं केलं. सासूचं नाव जमनाबाई. बोलायला कमी, बघायला जास्त.

"सकायले तो गोठामा जोर काढस," ती म्हणाली. तो म्हणजे पितांबर, तिचा पोरगा, तापीबाईचा नवरा. "त्यान्हं व्हत नही तोपावत रवीले हात लावू नको. ऐकत ऱ्हाय."

"काय ऐकू?"

"श्वास."

नव्या सुनेला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण जमनाबाईच्या तोंडावर थट्टा नव्हती.

गोष्ट अशी घडली होती. सासरा रूपचंद अंगानं धिप्पाड. पहाटे गोठ्यात बैलांच्या मागं जोर काढायचा, आणि इकडं पडवीत जमनाबाई ताक घुसळायची. एके दिवशी लोणी वर आलं, तिनं रवी थांबवली, भांडं भरून हाक मारली. ओ आली नाही. जाऊन पाहते तर रूपचंद शेणात पालथा, आणि बैल त्याच्या पाठीवरचा घाम चाटतोय. त्याचा श्वास कधी थांबला ते तिला कळलंच नाही. डेऱ्याची घरघर चालू होती ना. रूपचंदाचा थोरला भाऊही असाच गेला होता, केळीच्या पाटात, हातात फावडं धरून. दोघांनीही चाळिशी पाहिली नाही.

पितांबरनं यातून स्वतःपुरता अर्थ काढला: छाती कच्ची म्हणून माणूस पडतो, ती पक्की केली पाहिजे. म्हणून तो बापाच्याच जागी, त्याच बैलांच्या मागं, रोज जोर काढी. भीतीपायी मेहनत करणारा माणूस तापीबाईनं पहिल्यांदाच पाहिला. तो कबूल करत नसे, पण पहिला जोर काढण्याआधी छातीवर हात ठेवून क्षणभर उभा राही, जसा माणूस अंधाऱ्या घरात शिरण्याआधी दारात उभा राहतो.

एकदा शहाद्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि शाळेतल्या मराठीत सांगितलं, "आवाज नीट नाही. हलका व्यायाम करा, पण एकट्यानं करू नका." घरी आल्यावर पितांबर आईला म्हणाला, "डाक्टर म्हने, मेहनत चालू ठेव." तापीबाई तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. डॉक्टरकडं तीही होती, तिनं पुढचं अर्धंही ऐकलं होतं. पण सासूसमोर नवऱ्याला खोटं पाडायची रीत नव्हती. तिनं तांब्या पुढं केला.

ती ऐकायला शिकली. जोराच्या शेवटी त्याच्या नाकातून बारीक शीळ निघे, बैठकीत ती जाड होई. दळताना, झाडताना, चूल फुंकताना तिचा एक कान गोठ्यात असे. शीळ जरा लांबली की हातातलं काम थबके. पुन्हा आली की हात चाले. जमनाबाई वारली, तेव्हा घरातला दुसरा कान गेला. आता तापीबाई एकटीच ऐकणारी.

मग पोर झालं. पोर पहाटेच रडायचं, आणि रडायचं तेही आळी उठवून. एके दिवशी ते असं काही पेटलं की गोठ्यातलं काही ऐकू येईना. तिनं पोराच्या तोंडावर हात ठेवला. तरी गोठ्यातून काही नाही. पोराला तसंच गोधडीवर टाकून ती धावली. पितांबर रांजणापाशी पाणी पीत होता.

"काय व्हयनं?" त्यानं विचारलं.

"काही नही. म्हैस सुटनी का देखाले उनी."

म्हैस खुंट्याला बांधलेली होती. पितांबरनं म्हशीकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि पुन्हा तांब्या तोंडाला लावला. आपण पोराचं तोंड दाबलं, हे तिला दिवसभर आठवत राहिलं. हे असं चालायचं नाही.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "तुम्ही तालीममा काब्र जात नही?"

"कसाले? जोर त्याच, बैठका त्याच. आठे काय कमी शे?"

"आठे तुमले देखस कोन? बैल. बैल कधी वाहवा करस का?"

"बैल हासत बी नही," पितांबर म्हणाला. "तठे लंगोट घालीसन मन्ह्या काड्या लोकेसले दखाडू का?"

खरं कारण तिनं सांगितलं नाही. नवऱ्याच्या मरणाचं नाव त्याच्याच ताटाशी कसं घ्यायचं? तिनं दुसरी वाट धरली. घाटावर भिला वस्ताद म्हशी धुवायला येई. गावची तालीम त्याच्या हाताखाली. कान मोडलेले, मान बैलासारखी, बोलणं मात्र हळू. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती म्हणाली, "भिलाबा, आम्हना घरना मानोसले तालीममा बलाई ल्या."

"काब्र वं बेटा?"

"एकटा शे."

वस्तादानं म्हशीच्या पाठीवरची घासणी थांबवली. रूपचंदाला खांदा त्यानंही दिला होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो दारात हजर. "चाल रे पितांबर. मन्हा आठे जोडीले मानोस कमी शे." वस्ताद दारात आल्यावर नाही कोण म्हणणार?

तालमीत कोण कशासाठी येई त्याला काही धरबंध नव्हता. एकाला घरी बसलं की आई दळण सांगायची. एकाच्या घरात इतकी माणसं की दंड काढायला हात पसरावा तर कुणाच्या तरी तोंडावर. रतिलाल नावाच्या गड्याचं म्हणणं साधं होतं: घरी कुणी बघत नाही, आणि कुणी बघत नसेल तर माझे दंड दहावरच संपतात. पितांबर मात्र बायकोला वाटणाऱ्या भीतीपायी आला होता, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. की होतं, कोण जाणे.

तालीम आळीच्या टोकाला. तिथून आवाज घरापर्यंत येई: वस्तादाची मोजणी, मांडीवरच्या थापा, कुणाचं तरी खिदळणं. इतकी माणसं त्याच्या भोवती. तापीबाईनं सासूनं घातलेला नेम मोडला आणि पहाटे डेऱ्यात रवी घातली. कितीतरी वर्षांनी त्या घरात उजाडताना घरघर झाली. पोर त्या आवाजानं गुंगून झोपू लागलं.

नागपंचमी आली. तालमीचा हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, त्याआधी नव्यानं करतात. माती खणून चाळायची, तिच्यात तेल, हळद आणि ताक मुरवायचं. ताक घराघरातून जातं. बाई ते तालमीच्या पायरीवर ठेवते, आतला गडी घेऊन जातो. उंबरा बाईनं ओलांडायचा नाही, आत डोकवायचंही नाही.

तापीबाई भांडं घेऊन पायरीशी आली. पावसाची भुरभुर होती. आत दणदणाट चालला होता. ती जुन्या सवयीनं ऐकू लागली. थापा होत्या, वस्तादाची मोजणी होती, रतिलालचं ओरडणं होतं. शीळ नव्हती.

रतिलाल घामानं निथळत बाहेर आला. "वहिनी, द्या ताक."

"ते कोठे शेत?"

"माटीमा पडेल शे. थंड व्हई ऱ्हायना." कुस्ती झाली की गडी हौदाच्या कडेला आडवा होतो, दुसरा त्याच्या अंगावर माती ओढतो, घाम मातीत जिरतो. ही रोजचीच रीत.

"केधयना? कितला येळ व्हयना?"

"आते ते कोन मोजस, वहिनी."

"हाक मारा."

रतिलालनं मान वळवून हाक मारली, "ए पितांबर, घरनं बलावणं उनं रे." आत हशा पिकला. ओ आली नाही. "झोपी गया," रतिलाल म्हणाला आणि भांड्याला हात घातला.

तापीबाईनं भांडं सोडलं नाही. तिला डेऱ्याची घरघर आठवली. हाही तोच आवाज, फक्त माणसांचा. एवढ्या गर्दीत एक श्वास बुडाला तर कुणाला कळणार? उंबरा समोर होता, तेल पिऊन काळा झालेला. तिनं त्यावर पाय ठेवला.

आत लंगोटातली माणसं दिसेल ते फडकं ओढून भिंतीला चिकटली. तेलाचा आणि घामाचा वास. कोपऱ्यात गळ्यापर्यंत लाल माती, आणि तिच्यावर राखेच्या रंगाचं पितांबरचं तोंड. ओठ जांभळासारखे. भांडं कुठं पडलं तिला कळलं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि कान त्याच्या नाकाशी नेला.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. वस्तादाच्या तालमीत बाईनं सगळ्यांना गप केलं, आणि सगळे गप झाले.

सुताएवढी शीळ. मग काही नाही. मग पुन्हा.

"छातीवरनी माटी काढा," ती म्हणाली. वस्तादानं दोन्ही हातांनी माती उपसली.

बैलगाडीत केळीची पानं अंथरून त्याला शहाद्याला नेलं. चिखलात चाकं कुरकुरत होती, श्वास ऐकू येत नव्हता. तिनं सगळी वाट हाताचा पालथा पंजा त्याच्या नाकाखाली धरला. हात बधिर झाला तरी हलवला नाही. ऊब येते का, एवढंच बघत राहिली.

पितांबर वाचला. गावात दोनचार जणांनी कुजबुज केली की बाईच्या पायानं हौद बाटला. वस्ताद म्हणाला, "माटीले काय समजस, बाई का मानोस?" तरी त्यानं वरची माती पुन्हा खणली, आणि सांडलेलं ताक तिच्यातच मुरू दिलं. मातीत पडलेल्याच्या उशाशी एक माणूस बसलाच पाहिजे, असा नवा नेम त्यानं घातला.

पितांबरला आता जोर बंद. तरी तो रोज पहाटे तालमीत जाई, पायरीवर बसे आणि दुसऱ्यांच्या बैठका मोजी. कुणीतरी म्हणालं, घरी आराम कर. तो म्हणाला, "घरमा कोन्ह्या मोजू? बैलस्न्या?"

त्याचा मोजायचा आवाज आळीतून घरी येतो. तापीबाई रवीची दोरी ओढते, एक आकडा येतो, ती पुन्हा ओढते. मधेच तो पाणी प्यायला किंवा खोकायला थांबतो. लोणी अगदी वर यायच्या बेतात असतं, तेव्हा हात थांबवायचा नसतो, हे पोरीबाळींनाही माहीत. तिचा थांबतो. तिच्या घरचं लोणी कधी नीट निघालंच नाही. शेजारणी म्हणतात, एवढी जुनी बाई, पण हाताला वळण नाही.

ती तशीच थबकलेली. दोरी हातात ताणून धरलेली, मान आळीकडं वळलेली, पुढचा आकडा येईतोवर.