विहिरीच्या पाळ्यांचं बीजगणित

त्रिंबक मास्तर बीडच्या मदरशात उर्दूतून बीजगणित शिकले आणि नांदूरघाटच्या महादेवाच्या ओवरीत ते मराठीतून शिकवू लागले. निजामाच्या राज्यात खासगी शाळेला इजाजत लागे; केजच्या कचेरीत खेटे घालून ती त्यांनी मिळवली होती. पुस्तकातली उदाहरणं त्यांना कोरडी वाटत. शेळ्या, कणगीतली ज्वारी असलं काही घेऊन ते म्हणत, "जे ठावं न्हाई त्याला आधी नाव द्या. क्ष म्हना. मग तोंडचं वाक्य जसंच्या तसं मांडा."

आप्पाराव तिशीतला शेतकरी. दुपारी बैल सोडले की तोही ओवरीच्या पायरीवर येऊन बसे. एकदा म्हणाला, "मास्तर, आमच्या हिरीचं घाला की गनित."

विहीर त्याची आणि थोरल्या भावाची, अर्जुनरावाची, सामाईक. पंधरवड्याला मोटेच्या चौदा पाळ्या, निम्म्या-निम्म्या. औंदा पाणी आटलं, तशी थोरल्यानं नवी वाटणी काढली होती.

"दादा म्हनतो, तुझ्या दुप्पट घेतो, आन् वर दोन. उद्या पंचांम्होरं हो म्हनायचंय."

मास्तरांनी कोळशानं फरशीवर मांडलं. आप्पारावाच्या पाळ्या क्ष. अर्जुनरावाच्या दोन क्ष अधिक दोन. दोन्ही मिळून चौदा.

आप्पारावानं ओठ हलवत हलवत सोडवलं. "तीन क्ष म्हंजी बारा. क्ष चार." त्यानं फरशीवरचे आकडे पुन्हा पाहिले. "सातातल्या चारच राहत्यात, मास्तर? आन् त्याला धा?"

पायरीवर ठेवलेला आपला कोयता उचलून तो तडक मळ्याकडे निघाला. मास्तर हाका मारत मागे धावले.

अर्जुनराव मोट हाकत होता.

"कामून रे दादा, खुळा समजलास मला? माझ्या चारच राहत्यात!"

"कुनी शिकवलं रं तुला?"

आप्पारावानं उत्तराऐवजी मोटेचा ताणलेला नाडा कोयत्यानं तोडला. भरली मोट धाडकन विहिरीत कोसळली आणि बैल धावेच्या उतारावर तोंडावर आपटले. अर्जुनरावानं कुऱ्हाड उचलली. कोयत्यानं त्याचा कान उडवला; कुऱ्हाड आप्पारावाच्या मानेत बसली. तो विहिरीत पडला, तरी एका हातानं कपारीला धरून होता. थोरल्यानं काठावरचा धोंडा दोन्ही हातांनी ढकलला. मग कपारीला कुणी नव्हतं.

मागून धावत आलेल्या मास्तरांनी हे सगळं पाहिलं होतं. अर्जुनरावानं त्यांचा उजवा हात मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर दाबला. "याच हातानं मांडलंस न्हवं?" कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट पाठीनं, तो हाडं चुरेस्तोवर ठेचत राहिला.

अर्जुनरावाच्या घरच्यांनी पोलिसांच्या अमीनसाहेबाला सांगितलं, आप्पाराव पाय घसरून पडला. मास्तर हात झोळीत बांधून साक्षीला निघाले. केजच्या वाटेवर अर्जुनरावाच्या मेव्हण्यांनी गाठून त्यांना जोड्यांनी बडवलं, दोन दात पाडले. तोंडातलं रक्त थुंकून मास्तर उठले, कचेरीत गेले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. अर्जुनरावाला जन्मठेप झाली.

पण गावानं ओवरीकडे पाठ फिरवली. "मास्तराच्या गनितानं घर बुडालं," असं माणसं त्यांच्या तोंडावर म्हणत. खरं तर मास्तरही मनात स्वतःला तेच म्हणत होते.

शिक्षेनंतर महिना-दीड महिन्यानं आप्पारावाची विधवा, बायनाबाई, ओवरीत आली. मास्तर उभे राहिले. ती शिव्या देईल, कदाचित दगड घालेल, असं त्यांना वाटलं.

"बाई, मी ते मांडलं नसतं तर..."

"तर ते दुसऱ्या दिशी पंचांम्होरं हो म्हनले असते, आन् आमी उपाशी मेलो असतो." तिनं पदर खोचला. "जाऊबाई पान्याची वाटनी पुन्यांदा करायची म्हनतीया. बोलन्यात लई हुशार हाय ती. काय बोलती ते मला मांडता आलं पायजे."

मास्तरांनी डाव्या हातात कोळसा घेतला. फरशीवर 'क्ष'चं अक्षर वेडंवाकडं आलं. बायनाबाई खाली बसली आणि बोटानं ते गिरवू लागली.