कात्रीताईचं पट्ट्यापट्ट्यांचं लॉन

समोरच्या कात्रीताईने जावेच्या लॉनवर विष टाकलं, अशी बातमी सकाळी दूधवाल्याकडून आमच्या हिच्यापर्यंत आणि हिच्याकडून अख्ख्या गल्लीत पोचली. बातमीत दोन चुका होत्या. ते विष नव्हतं, खत होतं. आणि लॉन जावेचं नव्हतं, तिचं स्वतःचंच होतं. तिच्या मनात काय होतं, त्याबद्दल मात्र बातमी फारशी चुकली नव्हती.

कात्रीताई बायकांचे कपडे शिवते. गळ्यात कायम कात्री लोंबत असते म्हणून हे नाव. जिभेमुळे पडलं म्हणणारेही आहेत, पण ते तिच्याकडे कपडे शिवायला टाकत नाहीत. शेजारचं घर दिराचं. धाकटी जाऊ औषधांच्या दुकानात कामाला. दोन घरांपुढे दोन लॉन, मध्ये गुडघाभर उंचीची भिंत. सासूबाई थोरलीकडे, म्हणजे ताईकडे राहतात. रोज संध्याकाळी अनवाणी पायांनी येऊन, वेताची खुर्ची टाकून त्या थोरलीच्याच लॉनवर बसायच्या. आणि थोरली ते असं मिरवायची, जणू बक्षीसच मिळालंय.

मग तिच्या गवतात सराटे माजले. सासूबाईंच्या टाचेत काटा रुतला आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची भिंतीपलीकडे गेली.

ताईचं मशीन खिडकीशी. समोर जावेचं लॉन, त्यावर खुर्ची, खुर्चीत सासूबाई हसतायत. त्या आठवड्यात आमच्या हिच्या ड्रेसची डावी बाही उजवीकडे लागून आली. मी तक्रार घेऊन गेलो.

"बाहीचं राहू द्या भावोजी. ते गवत बघितलंत? रंग दिल्यासारखं!"

"हो ना. आणि आजी किती निवांत बसल्यात तिकडे," मी जरा तेल ओतलं.

"बसतील नाही तर काय! तिची पोरं होस्टेलला, वेळच वेळ. मी करू म्हटलं तर चार दिवसांत तिच्या तोंडात मारेल असं लॉन करून दाखवीन."

आणि खरंच बसली की गुडघ्यांवर! जुन्या कात्रीने सराटे मुळासकट उकरले, लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठीसुद्धा सोडल्या नाहीत. तण गेलं, पण जागोजाग टक्कल पडलं. मग दाणेदार खताची पिशवी आली.

भिंतीवरून धाकटी म्हणाली, "वहिनी, हलक्या हाताने हं. आणि लगेच भरपूर पाणी मारा. पिशवीवर लिहिलंय तसं."

झालं. धाकटीने सांगितलं म्हणजे पाणी मारायचं नाही, हे तिथेच ठरलं.

ताईने खत पट्ट्यापट्ट्यांनी टाकायला घेतलं. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर वीतभर चढवायचा. कापड कापताना शिवणीसाठी जास्तीचं सोडतात ना, अगदी तसं.

"ताई, तिथे दोनदा पडतंय," मी फाटकातून म्हटलं.

"जोड कसा द्यायचा, ते मला शिकवू नका भावोजी. फट राहिली तर उसवेल."

चार दिवसांनी लॉनवर पट्टे उमटले. एकदाच खत पडलं तिथे हिरवंगार, जोडाजोडावर मात्र गवत करपून वाळल्या पेंढीसारखं पिवळं. रेघा मात्र पट्टीने मारल्यासारख्या सरळ! गल्ली बघायला लोटली. दूधवाला दोनदा येऊन गेला. सासूबाई पलीकडून उठल्या, भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "हे काय शिवलंस गं?"

धाकटी हसली नाही. स्वतःचा पाइप भिंतीवरून दिला, नळ सोडला आणि म्हणाली, "रोज द्या वहिनी, सावरेल." ती हसली असती तर ताईला सोपं गेलं असतं.

ताई दातओठ खात रोज पाणी मारू लागली. एका संध्याकाळी बघतो तर खुर्ची परत अलीकडे!

"आई, तिकडे करमत नाही का?" ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिकडे काय, नुसतं गवत. बघता बघता डोळा लागतो. इथे माणसं येतात, तू चिडतेस. वेळ बरा जातो."

मी रस्ता ओलांडून फाटकाशी गेलो. "अभिनंदन ताई! आल्या ना परत? आता तरी झालं मनासारखं?"

तिने नळ बंद केला, खुर्चीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "कसलं मनासारखं, भावोजी? खुर्ची माझ्या लॉनवर आणि तोंड तिच्या घराकडे!"