कमळाला टाटा

ही वही कुणी उघडलीच तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांटी पहिली की दुसरी ते अजून कळत नाही. मी चौथी शिकलेली. त्यानंतर वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. ही नातीची जुनी वही, मागची पानं कोरी होती.

नात पहिलीत होती तेव्हाचं सांगते. मुलगा वागळे इस्टेटला कामाला, सून कपड्यांच्या दुकानात. संध्याकाळी पोर माझ्याजवळ. मला जसं शिकवलं होतं तसंच मी तिला शिकवलं. भिंतीवर चित्रांचा तक्ता लावला आणि रोज म्हणून घेतलं, क कमळाचा, प पतंगाचा. दिवाळीच्या आधी तिला सगळा तक्ता पाठ. मी खूश.

मग शाळेतून बोलावणं आलं. मीच गेले. बाईंनी फळ्यावर ‘कप’ लिहिलं आणि तिला वाचायला सांगितलं. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवलं आणि ठणकावून वाचलं, "कमळपतंग!"

वर्ग हसला. तीही हसली, तिला वाटलं बरोबर आलं.

"घरी कोण शिकवतं हिला?" बाईंनी विचारलं. रागावून नाही, सहज.

"हिची आई," मी म्हणाले.

सुनेला हे अजून सांगितलेलं नाही.

बाई म्हणाल्या, दुसरीत धडे मोठे येतात, असंच राहिलं तर मागे पडेल. मागे पडणं मला ठाऊक आहे. मी शेवटच्या बाकावर बसायचे. घरच्यांनी शाळा सोडायला सांगितली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नातीला तसं कधी वाटू नये, एवढंच मनात होतं. आणि बिघडवलेलं तर मीच होतं.

कोपरला मी ज्या ताईंकडे पोळ्या करते, त्यांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक मुलगी लहान मुलांचा वाचनाचा क्लास घेते. तीन महिन्यांची फी अठराशे, एकदम भरायची. ताईंकडे मागायला मला चार दिवस लागले. शेवटी तवा घासताना, पाठमोरी असतानाच बोलले. त्यांनी लगेच दिले. "मावशी, जमेल तसे परत करा." मी म्हटलं, दर महिन्याला दोनशे. घरी सांगितलं, ताईंच्या ओळखीने क्लास फुकट आहे.

क्लास चाले तेव्हा मी बाहेर पायरीवर, चपलांच्या शेजारी बसायचे. दार उघडंच असायचं. पहिल्याच दिवशी ती टीचर मुलांना म्हणाली, "चला, कमळाला टाटा करा. पतंगाला टाटा करा. चित्रं गेली आपापल्या घरी. आता काय उरलं? फक्त आवाज." मुलांनी हात हलवले. मीही पदराआड थोडा हलवला.

मग तिने दोन लाद्यांवर खडूने अक्षरं लिहिली, एकीवर प, एकीवर ट. मुलं पहिल्या लादीवर उभी राहून ‘प’ म्हणायची, उडी मारून ‘ट’. "अजून पटकन! अजून!" उड्या जवळ येता येता आवाज एकमेकांना चिकटले आणि नात ओरडली, "पट! आजी, पट झालं!" सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मी चपला नीट लावायला लागले.

तीन महिन्यांत ती काना, वेलांटीपर्यंत आली. टीचर म्हणाली, अजून तीन महिने बसवा, पक्कं होईल. पण ताईंचे पहिलेच फिटले नव्हते, वर कुठून मागू? पुस्तकातला धडा दोनदा ऐकला की तिला पाठ व्हायचा, मग खिडकीबाहेर बघत वाचून दाखवायची. तिला रोज नवीन काहीतरी हवं होतं, आधी न ऐकलेलं. ते लिहायला घरात दुपारी माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

म्हणून मी चिठ्ठ्या लिहायला लागले. शाळेतून आली की पाण्याच्या माठावर चिठ्ठी. ‘खाऊ उशीखाली.’ दुसऱ्या दिवशी, ‘लाडू पिठाजवळ.’ वाचता आलं तर खाऊ मिळणार.

"अगं आजी, हा ट आहे की ढ?"

"ट."

"मग झोपलाय कशाला? उभा कर ना त्याला."

मी परत लिहायचे. तिला कळावं म्हणून माझी अक्षरं सुधारायला लागली. एकदा ती चिडली, "लाडू असा वाचला की संपतो. उद्या मोठी चिठ्ठी लिही, दोन लाडवांची." मग मी ओळ लिहू लागले, मग दोन ओळी. पुढे पुढे खाऊ नसला तरी ती माठाकडे धावायची.

ताईंचा शेवटचा हप्ता द्यायचा होता तेव्हा नातीला सुट्टी होती, म्हणून बरोबर नेलं. तोंडाने बोलायला नको म्हणून मी दोनशे रुपये पाकिटात घालून वर लिहिलं होतं. ताईंकडे पाहुणे बसलेले. मी पाकीट हळूच टीपॉयवर ठेवणार, तेवढ्यात नातीने ते उचललं आणि बोट फिरवत सगळ्यांसमोर वाचलं, "ताई, हे... शे-व-ट-चे पैसे. आता सगळे फि... फिट... फिटले."

मला कुठे लपू असं झालं. ती मात्र माझा पदर ओढत होती. "आजी, फिटले म्हणजे काय?"

तो शब्द तिला ठाऊक नव्हता. तक्त्यावर नव्हता, त्याचं कसलं चित्रही नव्हतं. तरी तिने वाचला.

ताई हसल्या. पाकिटातले दोनशे काढून पर्समध्ये ठेवले आणि रिकामं पाकीट तिच्या हातात परत दिलं. "म्हणजे तुझ्या आजीने माझे सगळे पैसे दिले. आता एक रुपयाही राहिला नाही."