उडदाच्या राशीपाशी राहिलेला दगड

माझ्या बायकोची गाडी ज्या दगडावर आदळली, तो दगड रस्त्यावर मी ठेवला होता. अपघातानंतर तो ओढ्यात लोटला तोही मीच. आणि त्याच संध्याकाळी चार लोकांदेखत ‘रस्त्यावर दगड नव्हताच’ असं सांगणाराही मीच. हे कबूल करायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात मी स्वतःवर जेवढा चिडलो, तेवढा आमच्याकडच्या रस्त्यांवरसुद्धा कधी चिडलो नव्हतो.

आणि रस्त्यांवर मी किती चिडतो हे कमलनगरात कुणालाही विचारा. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. दुकानात येणारा माणूस सोयाबीनचं बियाणं घेऊन जातो आणि सोबत गाडी कशी सांभाळायची यावरचं माझं भाषणही. मृगाच्या आधी वायपरचं रबर बदला, उन्हाळ्यात ते वाळतं आणि काच पुसायच्या ऐवजी ओरखडते. टायरची नक्षी बोट घालून बघा. ट्रॅक्टर शेतातली काळी माती डांबरावर सांडत जातात, वर पाऊस भुरभुरला की रस्ता साबण लावल्यासारखा होतो, आणि तिथं गुळगुळीत टायर काही कामाचा नाही. चिखल दिसला की तिथं पोचल्यावर ब्रेक मारू नका, आधीच वेग कमी करा. तुरीच्या दिवसांत गाडीखाली वाकून बघा, सायलेन्सरला काड्या अडकल्या असतील तर काढा, नाहीतर पेटतील. लोक ‘व्हय व्हय’ म्हणतात आणि टक्कल पडलेल्या टायरवर निघून जातात.

अफजलपूरला बहिणीकडे जाताना उसाच्या ट्रॉल्या लागतात. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. एकदा मी गाडी आडवी घालून एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं होतं.

“अण्णा, तुमी पोलिसात हाव का?” त्याने विचारलं.

“न्हाई. तुझ्या मागनं येणारा हाव.”

बायको शेजारी बसून हसली होती. ती तिथल्याच नव्हे, माझ्या सगळ्याच भांडणांची साक्षीदार.

सगळ्यात जास्त राग मला रस्त्यावर मळणी करणाऱ्यांचा. मूग, उडीद, हुलगे वाळवून डांबरावर पसरायचे, म्हणजे येत्या-जात्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात. मग दाणे झाडून ढीग करायचा आणि ढिगावर कुणी चाक घालू नये म्हणून भोवती दगड मांडायचे. ढीग घरी जातो. दगड तिथंच. “दाणे नेताव तसे दगडं बी न्या की,” असं मी किती जणांना सुनावलं असेल.

आणि मागच्या भाद्रपदात मी तेच केलं. उडीद काढून पडला होता, मळणीयंत्रवाला आज येतो उद्या येतो करत होता. पावसाने एक दिवस उघडीप दिली. बायको सकाळीच शाळेला गेली होती. शेत रस्त्याला लागूनच आहे. मी इकडेतिकडे बघितलं आणि उडीद डांबरावर पसरला. दुपारपर्यंत जीप, टेम्पो, ट्रॅक्टर सगळे त्यावरून गेले. ढीग केला, बांधावरचे दगड आणून भोवती लावले. तेवढ्यात आभाळ भरून आलं. पोती घाईघाईने टेम्पोत टाकली आणि घर गाठलं. दगड उचलायचे आहेत हे वाटेत आठवलं होतं. ‘पाऊस थांबल्यावर जाऊ’ म्हटलं.

बायको त्याच रस्त्याने परतणार होती, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

ती शिक्षिका आहे. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली. माझ्याकडून शिकली नाही, कारण मी शेजारी बसून ओरडतो. बिदरला क्लास लावून शिकली. त्याआधी ती शाळेला जीपने जायची, जीपवाला मागे आठ-दहा बायका कोंबायचा. गाडी हातात आली आणि तिचा चेहराच बदलला. शाळेतून येताना वाटेतल्या दोघी-तिघी शाळकरी पोरींना बसवून आणायची. तिच्या हातून गाडीला कधी साधा ओरखडाही आला नव्हता. माझ्या हातून आलेत.

त्या दिवशी शाळेत बैठक होती, तिला उशीर झाला. भुरभुर सुरू होती. फोन आला, “गाडी रस्त्याकडच्या चारीत गेली हो. मला फार न्हाई लागलं, हात दुखायलाय. इथं वस्तीवरल्या घरात बसलेय.”

मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा गाडीजवळ कुणी नव्हतं. पुढचं डावं चाक वाकडं झालेलं. आणि रस्त्यावर माझ्याच बांधावरचा दगड. बाकीचे कडेला होते, तो एकटा घसरून आत आला असावा. मी आधी तिला बघायला जायला हवं होतं. मी आधी तो दगड लोटत जवळच्या पुलापर्यंत नेला आणि कडेवरून ओढ्यात ढकलला. मग बाकीचेही.

नंतर तिला वस्तीवरून गाडीपाशी घेऊन आलो, तोवर माणसं जमली. बिदरहून मेहुणा आला, तिथल्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या गोदामातून कामावरून थेट.

“कशावर गेली गं अक्का?”

“दगड होता. एवढा.” तिने एका हाताने माप दाखवलं, दुसरा हात सुजला होता.

“दाजी, तुमी बघितला का?”

“न्हाई बा. काहीच नव्हतं,” मी म्हणालो. “घाबरून ब्रेक दाबला असंल.”

सगळ्यांनी मोबाइलच्या उजेडात दगड शोधला. मीही शोधला. त्यांच्याबरोबर वाकून, गवत बाजूला करून.

घरी तिने उडदाची पोती पाहिली. “मशिनवाला आला का?” “आला,” मी म्हणालो. एका खोट्याला दुसरं जोडावं लागलं. गॅरेजवाल्याने वाकलेली रिम उलटीसुलटी करून बघितली. “साब, ये तो पत्थरच है.” “चारीतला असंल,” मी म्हणालो. तिसरं.

तिचा हात बरा झाला, पण तिने किल्ली घेतली नाही. पुन्हा जीप सुरू झाली. पहाटे उठून डबा करायची, स्टँडवर उभी राहायची, आणि मी दुकान उघडायला त्याच गाडीने जायचो. एकदा म्हणालो, “कामून घेईनास गाडी?” ती म्हणाली, “मला नसलेलं दिसतंय. शाळेच्या पोरी असत्या मागे तर?” मी दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो. त्या वर्षी मी सगळ्यांवर खेकसलो. टायरवर, ट्रॉल्यांवर, खड्ड्यांवर. भाषणं मात्र बंद पडली. तोंड उघडलं की ओढ्याच्या पाण्यात दगड पडल्याचा आवाज यायचा.

माहेरी तर तो एक विनोदच झाला. सणावाराला गेलो की मेहुणा विचारायचा, “अक्का, येताना वाटंत दगड भेटला का?” ती हसायची. आधी चिडून हसायची, मग नुसती हसायची.

यंदा ती म्हणाली, बिदरला जाऊन डोळे दाखवते. मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय त्रास होतो? माझी बायको, जी वर्गात चाळीस पोरांना गप्प करते, खाली बघत म्हणाली, “मॅडम, मला रस्त्यावर दगड दिसला होता. तो नव्हता. सगळ्यांनी बघितलं, नव्हता. डोक्यात तर काही झालं नसंल?”

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. जवळचा चष्मा थोडा वाढलाय, बाकी नजर चांगली आहे, म्हणाल्या. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, “डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं का हो?”

मी तिथंच बोलायला हवं होतं. पण ठरवलं की जिथं तिचं हसं केलं तिथंच बोलायचं. जेवायला तिच्या माहेरी गेलो. ताटं वाढली होती. सासूबाई भाकरी करत होत्या. मेहुण्याने नेहमीप्रमाणे सुरू केलं, “काय अक्का, डॉक्टरनं दगड काढला का डोळ्यातला?”

“थांब,” मी म्हणालो. “दगड होता.”

मेहुणा हसतच होता. “काय दाजी, तुमालाबी दिसायला लागला व्हय?”

“मीच ठेवला होता. उडीद मी रस्त्यावर मळला. मशिनवाला आलाच नव्हता. दगड उचलले न्हाईत. हिची गाडी चारीत गेल्यावर मी पहिल्यांदा जाऊन ते ओढ्यात ढकलले, आणि मग तुमच्यासंगं शोधायचं नाटक केलं.”

सासूबाईंचा हात परातीतच थांबला. बायको माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना, तरी बघितलं.

“तुला बरोबर दिसलं होतं. तुझ्या डोळ्याला काही झालं न्हाई, डोक्याला न्हाई, आणि ब्रेकबी तू चुकीचा दाबला न्हाईस. मी चुकलो, वर तुला खोटं पाडलं. वर्षभर तू जीपमधी कोंबून गेलीस ती माझ्यामुळं. मला माफ कर.”