आठवीपर्यंतची जागा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक बाई कपड्यांना इस्त्री करतात. मूळच्या पेठ तालुक्यातल्या. त्यांच्या थोरल्या मुलीला आरटीईच्या मोफत जागेवर माझ्या मुलीच्याच इंग्रजी शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. घरी नवऱ्याशी माझा यावरून नेहमीचा वाद. तो म्हणायचा, सगळ्यांची मुलं महापालिकेच्या शाळेत गेली तरच त्या शाळा सुधारतील. मी म्हणायचे, तोवर आपल्या मुलीचं वय थांबणार आहे का? या मुलीला जागा मिळाल्यावर तर मी त्याला ऐकवलंच, की बघ, वाट निघते.

दोघी एकाच रिक्षातून शाळेत जायच्या, एकाच बाकावर बसायच्या. माझी मुलगी गणितात अडली की तीच समजावून सांगायची.

मोफत जागा आठवीपर्यंतच असते हे सगळ्यांना ठाऊक होतं; पण तेव्हा आठवी लांब होती. ती संपली तेव्हा मी बाईंबरोबर मुख्याध्यापिकांना भेटायला गेले. त्या चांगलं बोलल्या, मुलगी हुशार आहे म्हणाल्या, आणि नववीपासून पूर्ण फी भरावी लागेल हेही सांगितलं. परत येताना मी म्हटलं, आम्ही काही पालक मिळून भरू. बाई म्हणाल्या, "नको ताई. पोरगी वर्गात मान खाली घालून बसंल. मला नाय बघवणार ते."

नववीला ती जवळच्या मराठी शाळेत गेली. गणित-विज्ञान इंग्रजीतून असणाऱ्या सेमीच्या तुकडीत जागा नव्हती. घरी मराठीच बोलणारी मुलगी, पण पुस्तकातली मराठी तिला परकी होती. संध्याकाळी विज्ञानाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे यायची. आम्ल म्हणजे ॲसिड, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, असं मी सांगत बसायचे. एकदा म्हणाली, "काकू, मला उत्तर येतं. ते लिहायचं कसं, तेच येत नाही." पुढे माझ्या मुलीचे क्लास सुरू झाले. तिला आणायला-सोडायला मलाच जावं लागे, घराला कुलूप असे. इस्त्रीवाल्या बाईंच्या मुलीचं येणं हळूहळू थांबलं.

दहावीला ती पास झाली, विज्ञानात काठावर. सायन्सला जायचं होतं, ते राहिलं. आता आर्ट्स करते आणि कॉलेज रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानात काम करते. माझी मुलगी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला निघाली, त्या सकाळी ती भेटायला आली होती. गाडीत सामान भरेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. हॉस्टेल कसं आहे, जेवण मिळतं का, एवढंच बोलणं झालं. मग दुकानात उशीर होतोय म्हणून ती निघाली.

यंदा इस्त्रीवाल्या बाईंच्या धाकटीचा पहिलीचा प्रवेश होता. आरटीईचा अर्ज मी भरून देते, असं मी आपणहून म्हटलं. बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली.

"नको ताई. पालिकेच्याच शाळेत घालते. ती शाळा सुटल्यावर थोरली जुन्या मैत्रिणी दिसल्या की दुसऱ्या गल्लीत वळायची. मी बघितलंय ते."

धाकटी आता पालिकेच्या शाळेत जाते. तिच्या वर्गाच्या बाईंकडे अजून एक वर्ग आहे, एकीकडे फळ्यावर लिहून देऊन त्या दुसरीकडे जातात. मी हे सगळं जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. आमचा वाद झाला नाही.