वारज्यातला गोळाभात

गाडीने वर्धा सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत वामनकाकांची वही होती. काका पलटणीत लांगरी (फौजेतला स्वयंपाकी) होते. गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले. त्यांच्या कंपनीतले जुने सोबती दर जानेवारीत पुण्यात, वारज्याला एका निवृत्त सुभेदारांच्या घरी जमतात. काका न चुकता जात आणि सगळ्यांना गोळाभात करून घालत. (डाळीच्या भरड पिठाचे तिखट गोळे भातातच शिजवायचे आणि वर फोडणीचं तेल घ्यायचं. आमच्याकडे हे सणाचं जेवण.)

डिसेंबरात सुभेदारांचा फोन आला. "ताई, वामनच्या घरचं कुणी येईल का? नाहीतर यंदापासून बाहेरून मागवू. आम्हीही थकलो आता."

मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. स्वयंपाकाशी माझा संबंध बेताचा; भातसुद्धा आठवड्यातून एकदा तरी बुडाला लागतो. पण तिथे डबेवाल्याकडची पुरी-भाजी आली असती, तर काका त्या घरातूनही गेले असते. ते मला नको होतं.

वहीत माप होतं एकशे वीस जवानांचं आणि जेवायला येणार होते चौदा. सकाळी दौंड यायच्या आधीपासून मी भागाकार करत बसले होते. समोरच्या बाकावर अमरावतीचा, हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा होता. तो म्हणाला, "मॅम, याच्यासाठी ॲप आहे." मी मान हलवली आणि आकडे पुढे चालू ठेवले. उतरताना तो म्हणाला, "मीठ मात्र चाखून टाका हां. भागाकारावर जाऊ नका."

पुणे स्टेशनबाहेर हवा छान गार होती. मी रिक्षावाल्याला मार्केट यार्ड सांगितलं.

"लग्न आहे का घरी?"

"नाही. चौदा माणसांचं जेवण आहे."

"चौदा माणसांसाठी मार्केट यार्ड," तो मीटर पाडत म्हणाला. "बसा."

भुसार बाजारात (धान्याचा घाऊक बाजार) पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या होत्या आणि हमाल पाठीवर ओझं घेऊन "बाजू, बाजू!" करत पळत होते. मी दोनदा चुकीच्या बाजूला सरकले. एका गाळ्यावर चणाडाळ मागितली.

"किती?"

"दीड किलो."

व्यापाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "दीड किलो आमच्याकडे उंदीर खातात. पोतं सांगा."

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पान सावकाश वाचलं. "फौजेत होते?"

"हो. लांगरी होते. माझे काका."

त्यांनी हमालाला हाक मारून एक पोतं सोडवलं आणि स्वतः डाळ मापून दिली. "गिरणी पलीकडे आहे. जाडसर भरडून मागा. गिरणीवाला बारीक पीठ करून ठेवतो, म्हणून समोर उभं राहा. पुस्तक वाचत बसू नका." पिशवीतून माझं पुस्तक डोकावत होतं, ते त्यांनी पाहिलं असावं.

मी गिरणीसमोर उभी राहिले आणि भरडा चांगला आला.

वारज्याला पुलाखालून वळून आत गेलं की इमारतीच इमारती लागतात. सुभेदारांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. "या. गॅस मोकळा आहे. सल्ले नको असतील तर स्वयंपाकघराचं दार लावून घ्या."

दार लावून काही उपयोग झाला नाही. चौदाच्या चौदा जण सकाळीच आले होते. कुणी काठी टेकत, कुणी कान पुढे करत, एकेक जण आत डोकावून जाई. मी मात्र वहीप्रमाणे काटेकोर वागले. गोळे फुटले नाहीत आणि भात लागला नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला.

पंगत बसली. सगळ्यांनी पहिला घास घेतला.

"छान झालाय," सुभेदार म्हणाले.

"छान झालाय म्हणूनच वामनचा न्हाय," साताऱ्याकडचे एक आजोबा म्हणाले. "कायतरी कमी हाय."

माझा चेहरा उतरला. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"लसूण कमी आहे."

"वामन्या लसूण घालायचाच नाही. तुला त्या वेळी ताप होता."

"ताप तुला होता! मी तुला उचलून आणलं!"

"त्यो ठसका न्हाय," आजोबा एकदम म्हणाले. "मिरची काळी हुस्तवर जाळायचा त्यो तेलात. सगळी बराक खोकायची."

मी वही पाहिली. 'मिरच्या, फोडणीस' एवढंच होतं. तोवर तिघे उष्ट्या हातांनी स्वयंपाकघरात शिरले होते. कढल्यात तेल तापलं, सुक्या मिरच्या पडल्या आणि काळ्या झाल्या. मिनिटभरात सगळं घर खोकू लागलं. वरच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो सुभेदार, युद्ध सुरू झालंय का?" खोकता खोकता सगळे हसत होते. हसताना एकाची कवळी सुटली, त्यावर बाकीचे आणखी हसले.

ते तेल भातावर पडलं. साताऱ्याच्या आजोबांनी घास घेतला, डोळे पुसले आणि काकांचा आवाज काढून ओरडले, "काऊन बे, भरलं का पोट?"

घरात काका दिवसाकाठी चार वाक्यं बोलत. पलटणीत ते मेजरसाहेबांनाही असंच ओरडून विचारत, असं मला कळलं. तासभर मी त्यांचे किस्से ऐकत होते आणि आपल्याला इतका मजेशीर काका होता याचं नवल करत होते.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर सुभेदारांनी मला पाटावर बसवलं. "लांगरी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. आजच्या दिवशी त्याला आम्ही वाढतो." चौदा जण भोवती उभे राहिले. कुणी भात वाढला, कुणी तेल, कुणी लिंबाची फोड. काका घरीही सगळ्यांचं झाल्याशिवाय ताटावर बसत नसत. लहानपणी मला वाटे, त्यांना आमच्याबरोबर जेवायला आवडत नाही. मी खाली मान घालून जेवले. डोळ्यांतल्या पाण्याचं कारण सांगायला मिरची होतीच.

निघताना सुभेदारांनी पत्नीला विचारलं, "मग पुढच्या वर्षी बाहेरून सांगायचं?"

"बाहेरून कशाला? यांना सरावाला एक वर्ष आहे की," त्या म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "फक्त मिरची जाळायच्या आधी खिडक्या उघडा."

मी शोक करायला गेले होते आणि परतीच्या गाडीत मला हसू आवरत नव्हतं. शेजारची बाई जरा सरकून बसली. माणूस आपल्या घरात किती थोडा दिसतो, असं मनात येत होतं. काकांचा मोठा भाग वारज्यात राहिला होता आणि तो मला जानेवारीच्या जानेवारी भेटणार होता.

परतल्यावर पहिल्याच रविवारी सरावाला सुरुवात केली. गोळे फुटले, भात लागला, मिरची मात्र काळी झाली. भाऊ, वहिनी, मुलं खोकत खोकत जेवली. मी डाव घेऊन उभी होते. मग सगळा धीर गोळा करून मी ओरडले, "काऊन बे, भरलं का पोट?"

भाचीचा घास हातातच राहिला. आत्याचा एवढा मोठा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. मग तिने ताट पुढे केलं.